गोदीची पाच वर्षांची सुई

कारळवाडी, ता. मंठा
१२ नोव्हेंबर १९९०

ति. उषाक्काला नंदाचा नमस्कार.

कार्ड न टाकता आंतरदेशीय टाकलं म्हणून उधळी म्हणू नको. आपल्या लिंबखोरीचा पुंजाराम डाकवाला कार्ड वाचल्याबिगर कोणाच्या हातात देत न्हाई, तुला माहीतच आहे. मागं मी मायला कार्डावर लिहिल्तं की सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावती. तर माय म्हणे पाण्याला गेली तिथं बायांनी तिला कुलपाचं विचारलं. हे पत्र फक्त तुझं आहे. तू मामाची पोरगी, पण मला सख्ख्या बहिणीवानी, म्हणून लिहून राह्यले.

गोदी माघात पाच वर्षांची होईल. इथली नर्सबाई सांगून गेली की पाचव्या वर्षाची धनुर्वात-घटसर्पाची सुई राहिली, ती घ्या. पण गल्लीतल्या बाया बिलकुल तयार न्हाईत. कारण ऐकशील तर हसशील. त्या म्हणतात धनुर्वाताच्या सुईनं बाईची कूस बंद होती. पोटुशीला देतात ती बी तीच, पोरीला देतात ती बी तीच. आणि पुरावा कोण, तर मी. "नंदानं गोदीच्या वेळंला दोन्ही सुया घेतल्या, पोरीला बी सगळ्या दिल्या, मंग पाळणा हलला का पुन्हा?" असं माझ्या तोंडावर म्हणतात.

मी काय गप बसणारी आहे का. मी म्हणलं, अकबरबीचा पहिला नातू आठवा. नाळ विळ्यानं कापली, वर राख लावली, आठव्या दिवशी लेकराची दातखीळ बसली आणि अंग ताठून गेलं. दुसऱ्या खेपेला मी स्वतः तिच्या सुनेला, बदरुन्निसाला, हाताला धरून सुया द्यायला नेलं. आज तो मुनीर तीन वर्षांचा आहे आणि आमच्या कोंबड्यांच्या मागं धोंडे घेऊन पळतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पण अक्का, खरं सांगते, माझ्या बी मनात पाल चुकचुकली. कंबर लई दुखती. पाळीत अंगावरून इतकं जातं की दोन-दोन दिवस उठवत न्हाई. तू पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या संपल्या, फरक न्हाई. देवीला पाच मंगळवार केले, ताईत बांधला. सासूनं शहागडला एक पोरगी बघून ठेवलीय. ह्यांना विचारलं तर हे हो बी म्हणत न्हाईत न् न्हाई बी म्हणत न्हाईत, बैलाला पाणी दाखवायला निघून जातात. दुसरी आणली तर मी कुठं जाऊ?

तू स्वतः नर्स आहेस, गोदीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितल्यासारखं लिही. सुईनं असं होतं का? तू न्हाई म्हणलीस की माझ्यासाठी मिटलं. मी तुझं पत्र बायांना वाचून दाखवीन आणि गोदीला सुई देऊन आणीन.

तुझी नंदा


लिंबखोरी, ता. जाफराबाद
२६ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. नंदास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. अडाणी बायांचे ऐकून तू घाबरावेस याचे नवल वाटले. धनुर्वाताच्या लसीचा आणि मूल होण्याचा काडीचाही संबंध नाही. लस फक्त त्या रोगापासून वाचवते. गंजलेला खिळा, काटा, शेणामातीत झालेली जखम, यातून तो रोग होतो आणि एकदा झाला की माणूस सहसा हाती लागत नाही. लहानपणी दिलेल्या लसीचा जोर पुढे कमी होतो, म्हणून पाचव्या वर्षी पुन्हा द्यायची. तुझी गोदी दिवसभर उकिरड्यात अनवाणी हिंडणारी. तिला लस द्यायलाच हवी. हे मी गोदीच्या डोक्यावर हात ठेवून लिहिते आहे.

तुझी कंबरदुखी अशक्तपणाची आहे. आणखी गोळ्या पाठवते. मंठ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन उगाच खर्च करू नको, ते काहीतरी भलतेच सांगतात. संक्रांतीला माहेरी ये, मी स्वतः तपासते. एकदा माझ्या हाताखालून गेलीस की सगळे ठीक होईल. मुलाची एवढी घाई कशाला? एक लेकरू नीट वाढवले तरी पुष्कळ.

आत्या खुशाल आहे. कालच तिने मला मेथीची भाजी पाठवली.

तुझी उषाक्का


कारळवाडी
९ जानेवारी १९९१

ति. उषाक्काला नमस्कार.

तुझं पत्र पिठाच्या गिरणीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचलं. कंबरेचं तेवढं गाळलं. 'गोदीच्या डोक्यावर हात ठेवून' हे आलं तव्हा बाया जवळ सरकल्या. अकबरबी म्हणाली, "बहीण खोटं कशाला लिहील?" तिची बदरुन्निसा पुन्हा पोटुशी आहे, ती सुई घ्यायला तयार झाली. बाकीच्या म्हणाल्या, आधी नंदाच्या पोरीला देऊ द्या, मंग बघू. म्हणजे आता गल्लीचं माझ्यावर आलं, आणि माझं तुझ्यावर.

संक्रांतीला यायचं जमत न्हाई. कापूस वेचायला बाया मिळंनात, सासू सोडत न्हाई. पण दुखणं अंगावर काढवत न्हाई आता. परवा वेचता वेचता मी सरीतच बसले. ह्यांनी पाह्यलं. कधी बोलत न्हाईत तो माणूस म्हणाला, "बुधवारी मंठ्याला चल, तिथं बाई डॉक्टर आली म्हणतात." मला लई बरं वाटलं गं. तू खर्चा करू नको म्हणली होतीस, पण हे स्वतःहून म्हणाले म्हणून जाऊन येते.

तुझी नंदा


लिंबखोरी
१७ जानेवारी १९९१

चि. नंदा,

तुझे पत्र आजच मिळाले. घाईत लिहिते. मंठ्याला जाऊ नकोस. डॉक्टर नवी आहे, तिला अनुभव नसेल. मी रजा टाकून येत्या आठवड्यात स्वतःच कारळवाडीला येते. मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस. हे माझे ऐकच.

उषाक्का


कारळवाडी
३ फेब्रुवारी १९९१

उषाक्का,

तू आली न्हाईस. आली असतीस तरी उशीरच झाल्ता. तुझं पत्र आलं तव्हा मी मंठ्याहून येऊन पडल्ते.

डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि विचारलं, "तांबी कधी बसवली?" मी म्हणलं, कसली तांबी? तिला वाटलं मी लाजून राह्यले. तिनं समजावून सांगितलं की मूल होऊ नये म्हणून बाईच्या पिशवीत बसवतात ती. मी म्हणलं, माझ्या न्हाईच. मंग तिनं ती काढली आणि ताटलीत ठेवून मला दाखवली. एवढीशी, दोरा लावलेली. इतकी वर्षं ती माझ्या आत होती, आतून कुरतडत होती, आणि मी मंगळवार करत होते.

कोणी बसवली हे शोधायला मला फार वेळ लागला न्हाई. माझ्या अंगाला आजवर एकाच बाईचा हात लागलाय. गोदीचा सव्वा महिना झाल्ता, मार्चचा शेवट होता. मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडल्ते, ते बी गोदीच्या पहिल्या सुईसाठी. तू तिच्या मांडीला सुई दिलीस, ती कळवळून रडली, तू तिला मायच्या हातात दिलंस आणि मला म्हणालीस, "तू पण आत ये, तपासून घेते, टाके सुकले का बघते." मला कळ आली तव्हा तू म्हणालीस, "झालं, झालं, लेकरू ओरडलं नाही एवढी तू ओरडतेस." मी हसले होते, उषाक्का. तुझ्या हाताखाली पडून मी हसले होते.

आणि त्यानंतर दर खेपेला मी तुला कंबरेचं लिहिलं. तुला माहीत होतं कंबर काहून दुखती. तू मला गोळ्या पाठवल्यास. जिनं काटा रुतवला तिलाच मी काटा काढ म्हणत राह्यले, केसानं गळा कापलास गं माझा.

आता इथलं ऐक. ताटलीतली तांबी ह्यांनी बी बघितली. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला सांगून बसवली असतीस तर मी काय न्हाई म्हणलो असतो?" म्हणजे त्यांना वाटतं मीच बसवून घेतली आणि त्यांच्यापासून लपवली. मी गोदीची शपथ घेतली. ते उठून बैलाकडं गेले. सासूला कळलं तव्हा तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं की सून वंश बुडवायला तांबी घालून बसल्ती. शहागडच्या पोरीच्या बापाला निरोप गेलाय.

मला तुझ्याकडून एकच पाह्यजे. तू ह्यांना पत्र लिही, की नंदाला काही माहीत नव्हतं, मी न विचारता बसवली. दोन ओळी लिही. मी तुझ्या पाया पडते असं बी लिहिलं असतं, पण आता पडवत न्हाई.

आणि गोदीला मी सुई देणार न्हाई. तू गोदीच्या डोक्यावर हात ठेवलास त्याला आता काय किंमत? एक सांगून दुसरं करणाऱ्या हातानं मला जे जे सांगितलं त्यातलं खरं काय, खोटं काय, मी कसं निवडू? बाया म्हणत होत्या सुईनं कूस बंद होती, मी त्यांना येड्यात काढलं. सुईनं न्हाई झाली. सुईवालीनं केली. त्यांच्यात आणि माझ्यात येडं कोण निघालं?

नंदा


(पोस्टकार्ड)

लिंबखोरी
२१ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. नंदास आशीर्वाद. येथील सर्व खुशाल. तुझे पत्र पावले. काही गैरसमज झाला आहे, भेटीअंती बोलू. जे झाले ते आत्याला विचारून व तुझ्या भल्यासाठी झाले. गोदीची राहिलेली लस टाळू नये. आत्याचा गुडघा बरा आहे. कळावे. उषा


कारळवाडी
२४ मार्च १९९१

उषा,

माझ्या आंतरदेशीयाला तू कार्डानं उत्तर दिलंस. पुंजाराम वाचील म्हणून काहीच लिहिता आलं न्हाई असं म्हणायची सोय करून ठेवलीस. हुशार आहेस.

मी मायला बोलावून घेतलं. गुडघा धरत माय जाफराबादेहून तीन गाड्या बदलत आली. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "उषा बोलली आतला टाका सुकला न्हाई, औषध ठेवलंय, आपोआप विरघळंल." मी तांबीचं सांगितल्यावर माय ओसरीवर बसूनच राहिली. तू तिच्या भावाची लेक, तुझी आई गेल्यावर तुला तिनं जेवू घातलं, शिकायला पाठवायचं म्हणून पाटल्या मोडल्या. तिच्यावर ढकलताना तुला काहीच वाटलं न्हाई का? कुंपणानंच शेत खाल्लं, आता राखण कोणाला सांगू, माय म्हणाली. जाताना डोळे पुसत गेली.

मायनंच मला आठवण दिली की त्या साली मार्च संपल्यावर तुमच्या हाफिसात तुझा सत्कार झाल्ता. कळशी मिळाली होती, स्टीलची. तांबीच्या केसेस पुऱ्या केल्या म्हणून. त्या कळशीतलं पाणी तू मला गोदीला घेऊन सासरी निघताना पाजलं होतंस.

इथं बाया रोज येतात. कोणी हसून राह्यल्यात, कोणी कीव करतात, ते जास्त लागतं. बदरुन्निसाला सहावा लागलाय. तिची पहिली सुई झाली, दुसरी राहिलीय. ती मागल्या आठवड्यात म्हणाली, "भाभी, तुम्ही सांगाल ते. जाऊ का नको?" मी म्हणलं उद्या सांगते. त्याला आठ दिवस होऊन गेले. अकबरबी येता-जाता माझ्या दाराकडं बघून जाते. पहिल्या नातवाला तिनं स्वतःच्या हातानं माती दिलीय.

आणि गोदीनं परवा उकिरड्यात पाय कापून आणला. फार न्हाई, पण पत्रा लागल्ता. मी हळद भरली आणि चार रात्री तिचा जबडा उघडून बघत बसले. ही भीती बी तुझीच देणगी. सुई दिली तर तुझ्यावर विश्वास ठेवल्यासारखं वाटतं, न दिली तर पोरगी जाती. असं कोणी वैऱ्याला बी करत न्हाई.

ह्यांना दोन ओळी लिहिणार आहेस का न्हाई, एवढं कळव. कार्डावर नको.

नंदा


लिंबखोरी
१० एप्रिल १९९१

चि. नंदा,

तुझ्या दोन्ही पत्रांनी मी फार दुखावले. तू रागात आहेस म्हणून उत्तर देत नव्हते.

तुला नोकरीतले काय कळणार. मार्चपर्यंत तांबीच्या केसेस झाल्या नाहीत तर पगार अडवतात, दूर कुठेतरी बदली करतात. मी एकटी बाई. साहेब सगळ्यांसमोर काय बोलतात ते तू ऐकलेले नाहीस. बाया विचारून हो म्हणत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तुला विचारले असते तर तू सासूला विचारले असतेस आणि तिने नाहीच म्हटले असते. तुझे अंग बाळंतपणात किती खचले होते ते मी पाहिले होते. दोन वर्षांनी काढून टाकायची असेच माझ्या मनात होते. पुढे सांगायची वेळ निघून गेली. तू एकटीच नव्हतीस, त्या वर्षी इथल्या आणखी बायांच्याही बसवल्या, त्यांनी असा बोभाटा केला नाही.

तुझ्या नवऱ्याला मी लिहू शकत नाही. माझ्या अक्षरातला कागद उद्या कोणाच्या हाती पडला तर माझी नोकरी जाईल. तूही समजूतदारपणा दाखव. हे बाहेर बोललीस तर एकही बाई आपले लेकरू लसीला आणणार नाही. मग गोवराने, धनुर्वाताने जी लेकरे दगावतील त्यांचे पाप कोणाच्या माथी? तूच विचार कर. गप्प राहिलीस तर त्यातच सर्वांचे भले आहे.

गोदीला लस मात्र दे. ते मी खोटे सांगितले नव्हते.

उषाक्का


(पोस्टकार्ड, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात)

कारळवाडी
५ मे १९९१

उषाबाई नर्स यांना,

हे मुद्दाम कार्डावर लिहून राह्यले. पुंजारामदादा, तुम्ही आधी वाचणारच, तर पारावर मोठ्यानं वाचा. माझ्या मायला, द्वारकाबाईला, बी ऐकवा.

तांबी काढणाऱ्या डॉक्टरीणबाईला आधी विचारून घेतलं, मंग काल गोदीला मंठ्याला नेऊन सुई दिली. संगं अकबरबी आणि बदरुन्निसा होत्या, गल्लीतल्या बाकी बाया बी आपापली लेकरं घेऊन आल्त्या. मी त्यांना माझं सगळं सांगितलं, काही झाकलं न्हाई. सांगितल्यावर त्या येणार न्हाईत असं उषाबाई, तुम्ही म्हणाला होता. त्या आल्या. दारात तिथल्या नर्सबाईला म्हणल्या, बाटली दाखवा, काय देताय ते सांगा, आत कोणी एकटी येणार न्हाई. तिनं दाखवली, मंग सुया घेतल्या. गोदीला मांडीवर तिच्या बापानं धरलं. ते माझ्याशी अजून बोलत न्हाईत. शहागडचे पाव्हणे अक्षयतृतीयेला येणार आहेत. दोन ओळी उषाबाई, तुम्ही लिहिल्या न्हाईत, त्याचं हे फळ.

लिंबखोरीच्या बायांनो, लेकरायला सुया द्याच. सुई खरी आहे, माझी पोरगी त्याच्यावर सोडलीय. पण विचारून द्या, कोणती सुई ते नावानिशी विचारा. आणि आपल्या उपकेंद्रात ज्या बायांना टाके बघते, तपासते म्हणून आत नेलं होतं, आणि त्यानंतर ज्यांची कंबर दुखती, अंगावरून जातं, पाळणा हलला न्हाई, त्यांनी गोळ्या खात बसू नका. जल्दी दुसऱ्या डॉक्टरीणबाईला दाखवून घ्या. मी एकटी नव्हते असं उषाबाई नर्सनीच मला लिहिलंय.

नंदा मच्छिंद्र, कारळवाडी